‘ब्लॉकिंग पेप्टाइड’साठी मराठी शब्द

शब्दपाखरू:
एका शोधनिबंधाचा मराठी गोषवारा लिहिताना अडले आहे. ज्या पेप्टाइडविरुद्ध (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीविरुद्ध) प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार केले, तेच कृत्रिम पेप्टाइड प्रतिपिंडात आधी भरपूर प्रमाणात मिसळून मग वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने वेगळी करून हवे ते प्रतिपिंडाने ओळखण्याची चाचणी) करतात, आणि बँड (प्रतिपिंड चिकटल्याचा पट्टा) नाहीसा झाला तर तो खरा, म्हणजे हव्या त्याच प्रथिनाचा, मानतात. मी ‘अवरोधक पेप्टाइड’ लिहिले. तपासनिसांनी ‘रोधक’ केले. योग्य कोणता?

खडूफळा:
विकराचे (एन्झाइमचे) काम थांबवणाऱ्या रेणूला ‘अवरोधक’ म्हणतात, आणि येथे विकराचा संबंधच नाही. ‘रोधक’ वाचून विद्यार्थी विद्युत रोधाकडे वळेल. शिवाय दुधाची भुकटी किंवा बीएसए (गाईच्या रक्तातले एक प्रथिन) वापरून मेंब्रेनवरच्या (ब्लॉटमध्ये प्रथिने ज्यावर घेतात त्या पडद्यावरच्या) मोकळ्या जागा झाकणे, हेही ‘ब्लॉकिंग’च. इंग्रजीतला हा घोळ मराठीत कशाला आणायचा? पेप्टाइड प्रतिपिंडाची बंधनजागा व्यापते, म्हणून ‘जागाव्यापी पेप्टाइड’ म्हणावे.

काठावरचा:
‘जागाव्यापी’ ऐकून प्रयोगशाळेत हसतील. तिथे सगळे ‘पेप्टाइड टाकून बघ’ एवढेच म्हणतात. ‘ब्लॉकिंग पेप्टाइड’ तसेच ठेवावे. परकेपणाचा आक्षेप असेल तर ‘पेप्टाइड’च्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द ‘पचलेले’ या अर्थाचा असून आपल्या ‘पच्’ धातूचा सख्खा भाऊ आहे, हेही लक्षात घ्यावे.

खडूफळा:
भाऊबंदकी निघाली म्हणून ‘ब्लॉकिंग’ घरचे होत नाही.

रानवेल:
मला नावापेक्षा ‘खरा मानतात’ हे शब्द खटकतात. प्रतिपिंड त्याच बंधनजागेने दुसऱ्याच प्रथिनाला चिकटत असेल, तर पेप्टाइड घातल्यावर तो चुकीचा बँडही तितक्याच निमूटपणे जाईल. म्हणजे प्रतिपिंड पेप्टाइडला बांधते एवढेच कळले. त्याला ‘विशिष्टता सिद्ध झाली’ म्हणणे फार झाले. 2016 मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये प्रतिपिंड-पडताळणीचे जे पाच मार्ग सुचवले गेले, त्यांत जनुक काढून किंवा दडपून पाहणे आहे, ही चाचणी नाही.

काठावरचा:
म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. प्रतिपिंडाविना पेप्टाइड, असंबद्ध पेप्टाइड आणि योग्य पेप्टाइड असे ब्लॉट शेजारी ठेवले, आणि योग्य पेप्टाइड पुरेसे घालूनही बँड टिकला, तर तो दुय्यम प्रतिपिंडामुळे (पहिल्याला चिकटून बँड दिसता करणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडामुळे) किंवा पॉलिक्लोनलमधल्या (अनेक प्रतिपिंडांच्या मिश्रणातल्या) इतर प्रतिपिंडांमुळे आला असावा, असा संशय घेता येतो.

रानवेल:
‘प्रतिपिंडाविना पेप्टाइड’ने काय साधणार? तिथे ‘पेप्टाइडविना प्रतिपिंड’ हवे. बाकी मान्य, पण संशय घेणे आणि विशिष्टता दाखवणे यांना एकच क्रियापद लावू नका.