लायब्ररी संगीतावर घर चालतं का? पहिला करार हातात आहे, सल्ला हवाय

तानपुरा_बंद (पुणे)

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, आधीच माफी.

सात वर्षं दैनंदिन मालिकांच्या पार्श्वसंगीतात सहायक म्हणून काम केलं. दुपारी चारला एपिसोड यायचा आणि रात्री अकराच्या आत परत पाठवायला लागायचा. सासूने पदर खोचला की ढॅण, सुनेने मान वळवली की ढॅणढॅण. पैसे एपिसोडमागे, तेही तीन-तीन महिने तुंबलेले. बरेच तुकडे पूर्ण माझे, नाव मात्र आमच्या साहेबांचं. जूनमध्ये मालिका अचानक बंद झाली आणि हातात वेळच वेळ आला. त्यात स्वतःचे चाळीसेक ट्रॅक केले.

मला लायब्ररी संगीतात उतरायचंय. म्हणजे एखाद्या ठरावीक सिनेमासाठी नाही, आधीच करून ठेवलेलं संगीत, जे वाहिन्या, जाहिरातवाले, माहितीपटवाले परवाना घेऊन वापरतात. दोन ठिकाणांहून होकार आलाय:

अ) एक परदेशी लायब्ररी. दहा ट्रॅक, एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे ते दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत. आगाऊ रक्कम शून्य, परवाना शुल्कात निम्मा वाटा. मुदत 'कायमस्वरूपी', क्षेत्र 'अखिल विश्व'. हो, विश्वच लिहिलंय, मंगळावर वाजलं तरी त्यांचं.

ब) यूट्यूबवाल्यांना महिन्याच्या वर्गणीवर संगीत देणारी एक कंपनी. ट्रॅकमागे एकरकमी पैसे, पुढे काही नाही.

घरभाडं बघता ब खुणावतंय. काय करू? आणि यातून नीट पैसे यायला किती वर्षं जातात, तेही कोणीतरी खरं सांगा.

मुक्काम_क्रॉयडन

चौदा वर्षं हेच करतोय, म्हणून थोडं सविस्तर.

विश्वाला घाबरू नका, तो शब्द सगळ्यांच्याच करारात असतो. हा धंदा मूकपटांच्या काळातला आहे, लंडनची डी वुल्फ १९०९ पासून आहे, आणि कागदांची भाषाही तशीच जुनी. बघायचं ते वेगळंच. या संगीताला दोन नळ आहेत. एक परवाना शुल्क, जे लायब्ररी वसूल करते आणि वाटते. दुसरा प्रक्षेपणाची रॉयल्टी. ट्रॅक टीव्हीवर वाजला की वाहिनी आपापल्या देशातल्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला पैसे भरते, इथे ब्रिटनमध्ये पीआरएस, जर्मनीत गेमा, फ्रान्समध्ये सासेम, आणि त्यातला संगीतकाराचा वाटा लायब्ररीच्या हाताला न लागता थेट तुमच्याकडे येतो. हा दुसरा नळ कधीही विकू नका. ब मध्ये तोच कायमचा बंद होतोय. एकरकमी व्यवहार वाईटच असं नाही, रक्कम दणदणीत असेल तर मीही केलेत. पण ते मजुरी म्हणून करायचे, पेन्शन म्हणून नाही.

अ मध्ये मला खटकतं ते 'आगाऊ शून्य' आणि 'कायमस्वरूपी' हे एकत्र येणं. ते काहीच गुंतवत नाहीत आणि तुमचे ट्रॅक मात्र जन्मभर अडकतात. परतीचं कलम मागा: तीन किंवा पाच वर्षांत एकदाही लागला नाही तर ट्रॅक माझा मला परत. नाही म्हणाले तर दहाऐवजी चारच द्या.

तेच ट्रॅक नावं बदलून चार बिगर-एक्स्क्लुझिव्ह ठिकाणी टाकायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. यूट्यूबच्या कंटेंट आयडीला, म्हणजे मालकी ओळखणाऱ्या यंत्रणेला, नाव कळत नाही, आवाज कळतो. एका ग्राहकाने रीतसर परवाना घेतलेला, तरी त्याच्या व्हिडिओवर दुसऱ्या लायब्ररीचा दावा ठोकला जातो, आणि दोन्हीकडून शिव्या तुम्हालाच.

वर्षांचं म्हणाल तर आज केलेला ट्रॅक छापून, ऐकवून, कुणाच्या तरी कार्यक्रमात लागून, त्याची रॉयल्टी सीमा ओलांडून येईपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. माझं पहिलं स्टेटमेंट आलं तेव्हा बायकोला म्हटलं, चल वडापाव खाऊ, आणि इथल्या भावात एकच आला. चौथ्या वर्षी घरभाडं निघालं. आज तीनशेच्या वर ट्रॅक आहेत, त्यातले वीस-पंचवीसच बाकीच्यांना पोसतात, आणि ते कुठले निघतील हे मला आधी एकदाही ओळखता आलं नाही. तोवर दुसरं काहीतरी काम हातात धरा.

संकलक_ठाणे

मी पलीकडच्या बाजूचा, वाहिनीचे प्रोमो कापतो. आम्ही ट्रॅक कसा निवडतो ते सांगतो.

रात्री दीड वाजलेला असतो, सकाळी सहाला प्रोमो जायचा असतो. शोधात तीसेक ट्रॅक येतात. प्रत्येकाला मी पाच सेकंद देतो. तंबोरा लावून वीस सेकंद वातावरणनिर्मिती करत बसलात की मी पुढे गेलो. मग आवाजाच्या लाटेचं चित्र बघतो. त्यात पायऱ्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे दर आठ-सोळा मात्रांनी काहीतरी वाढतंय किंवा एकदम थांबतंय. मला कापायला जागा तिथे मिळते. आणि शेवट! फेड करत विरणारा शेवट लायब्ररीत कोणी देऊ नये. ठणकन संपवा, शेपटी वाजू द्या. मी तो शेवट उचलून तीसाव्या सेकंदाला चिकटवतो.

दुसरं म्हणजे, बासरीची सुंदर चाल आणि वर निवेदकाचा आवाज एकत्र नांदत नाहीत. तेव्हा चालीविना मिक्स, नुसता ठेका-बेसचा मिक्स, तीस आणि पंधरा सेकंदांच्या आवृत्त्या, सुटे स्टेम्स (वाद्यगटांच्या वेगवेगळ्या फाइल्स), सगळं सोबत द्या. अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, चोवीस बिट. कित्येकदा मूळ ट्रॅक कोणी ऐकतही नाही, चालीविनाचाच लागतो.

कल्लोळ

एआय दोन मिनिटांत हे सगळं करतंय. चौथ्या वर्षी घरभाडं म्हणे. हसू की रडू.

मुक्काम_क्रॉयडन

@कल्लोळ, रडण्यासारखं आहे, पण सगळीकडे नाही. उकुलेले-शिट्टी-टाळ्यांचं आनंदी कॉर्पोरेट संगीत गेलंच म्हणून समजा. पण मोठ्या वाहिन्यांना ट्रॅकचा मालक कोण हे कागदावर लागतं, आणि २०२४ मध्ये बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या एआय संगीत कंपन्यांना कोर्टात खेचल्यापासून वाहिन्यांचे वकील जास्तच सावध झालेत. खऱ्या माणसांनी खऱ्या खोलीत वाजवलेलं देता येत असेल तर आत्ता द्या.

कागदी_घोडा

ताई, आधी आयपीआरएसचं, म्हणजे आपल्याकडच्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या, बाकी सगळं नंतर. १९६९ची संस्था आहे, २०१७ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदली गेली. परदेशी संस्थांशी तिचे परस्पर करार आहेत, त्यामुळे तिकडचे पैसे तिच्यामार्फत येतात. सभासद झालात की आयपीआय क्रमांक मिळतो, म्हणजे संगीतकाराचा जगभर चालणारा ओळख क्रमांक. तो लायब्ररीला कळवा आणि त्यांनी नोंदवलेल्या कामावर खरंच आपलं नाव आहे ना ते तपासा.

गाडी अडते ती क्यू शीटवर. कार्यक्रमात कुठला ट्रॅक किती सेकंद वाजला, संगीतकार कोण, पब्लिशर कोण, असा तो तक्ता असतो आणि निर्मितीसंस्थेतलं सगळ्यात नवं पोरगं तो भरतं. तक्त्यात नाव चुकलं की पैसे गेले. ट्रॅक कुठे लागल्याचं कळलं तर लगेच लायब्ररीकडे पाठपुरावा करा.

२०१२च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्यात संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. पण परदेशी करारात तिथला कायदा लागू असं कलम असतं, म्हणून यावर विसंबून डोळे झाकून सही करू नका. मी वकील नाही, एकदा दाखवून घ्या. आणि साहेबांच्या नावावर गेलेले तुकडे... ते गेले. इथून पुढे 'सहायक' असलात तरी कुठला तुकडा कोणाचा हे ईमेलवर राहू द्या.

अमेरिकेतून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-८बेन हा तिकडच्या करासाठीचा फॉर्म पॅनसह भरा, नाहीतर ३० टक्के कापतात. भारत-अमेरिका कर कराराप्रमाणे १५च कापायला हवेत आणि तेही इथे विवरणपत्रात वळते करून घेता येतात.

तानपुरा_बंद

बापरे, केवढं शिकायला मिळालं. वाचनखूण साठवली आहे. चाळीसपैकी सव्वीस ट्रॅक फेड होऊन संपतात, आत्ताच मोजले. आणखी एक: अकरा ट्रॅकमध्ये विकतचे लूप आहेत, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचे तयार तुकडे. रीतसर घेतलेले. चालतील ना?

मुक्काम_क्रॉयडन

नाही. तोच लूप जगात हजार जणांनी वापरलेला असतो, पुन्हा कंटेंट आयडीचाच घोळ. शिवाय असे तुकडे विकणाऱ्या काही सॅम्पल कंपन्या लायब्ररी संगीतासाठी परवानगीच देत नाहीत, बारीक अक्षरं वाचा.

अंगणातली_हलगी (कोल्हापूर)

लूप कशाला वापरताय, आपल्याकडे वाजवणारी माणसं आहेत की! 'इंडिया' नावाचा कुठलाही अल्बम लावा, सतार, तबला, फार तर सारंगी. संबळ, हलगी, दिमडी, तुणतुणं औषधालाही नाही. मी हलगी-घुमक्याचं सेशन शेतातल्या घरात केलं. भिंतीला गाद्या लावल्या, हलगी शेकोटीवर तापवून चढवली. माइक जवळ ठेवला तर पार फुटायला लागला, शेवटी सात फुटांवर नेला तेव्हा बसला. त्यातले दोन ट्रॅक परदेशी पाठलागाच्या दृश्यांना लागलेत. तिकडच्यांना ते भारतीय वाटतही नाही, नुसतं अंगावर येतं.

गोव्याचं घुमटही असंच पडून आहे. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत, ते कायद्याने बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. आवाज थोडा बदललाय पण माइकवर छान येतो.

एकच सांगणं, वादकांचे पैसे त्याच दिवशी हातावर ठेवा आणि संमतीच्या कागदावर सही घ्या. मराठीत लिहा, वाचून दाखवा. तो कागद दिला नाही तर लायब्ररी ट्रॅक घेणार नाही. दिला पण वादकांना समजावला नाही तर तुमच्या साहेबांत आणि तुमच्यात फरक काय राहिला?

तानपुरा_बंद

शेवटचं वाक्य लागलं, पण बरोबर आहे.

अपडेट: ब ला नकार कळवला. अ ला परतीचं कलम मागितलं. पाच वर्षं म्हणाले, आणि दहाऐवजी सहा ट्रॅकवर तयार झाले. आयपीआरएसचा अर्ज भरला. घर चालायला एका ओळखीच्या स्टुडिओत डबिंगचं काम धरलंय, आठवड्यातले चार दिवस. हलगीदादा, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केला आहे, आमच्या गावच्या गोंधळी काकांचं संबळ ध्वनिमुद्रित करायचंय.

शेवटचा बावळट प्रश्न. शोधशब्दांत संबळचं रोमन स्पेलिंग काय करायचं? शेवटी एक एल की दोन?

संकलक_ठाणे

रात्री दीड वाजता संबळ कोणीही शोधत नाही. 'ताण', 'पाठलाग', 'मिरवणूक', 'गर्दी', 'विधी' यांचे इंग्रजी शब्द आधी टाका, वेग टाका, वाद्यांमध्ये 'हाताने वाजवलेले ढोल' टाका. संबळ सगळ्यात शेवटी, दोन्ही स्पेलिंगने.