लहान मुलांना बास्केटबॉल शिकवताना शूटिंग आणि ले-अपवर अडलंय, मदत हवी आहे

नमस्कार,

आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर संध्याकाळी मी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवते. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळले आहे, पण प्रशिक्षणाचा कोर्स केलेला नाही. मुलं पाचवी ते सातवीतली, वीस-बावीस. बॉल चार, त्यातले तीन सात नंबरचे (मोठ्या पुरुषांच्या खेळाच्या मापाचे). रिंग एकच, खांबाला पक्की बसवलेली, नेहमीच्या दहा फुटांवर.

जमतंय ते आधी सांगते. बरीचशी मुलं खो-खो खेळून आलीत, त्यामुळे गुडघ्यात वाकून राहायची आणि चटकन दिशा बदलायची सवय अंगात आहे. डिफेन्सला बाजूला सरकताना पाय एकमेकांना लागू देऊ नका, एवढं सांगितलं की पुरतं. ड्रिबलिंगही सुधारलंय. तळहाताने बॉल थापटणं जाऊन तो बोटांवर आलाय. मान वर राहावी म्हणून मी समोर उभी राहून बोटं दाखवते, त्यांनी ड्रिबल करता करता आकडा ओरडायचा. डावा हात कच्चा आहे, तो येईल हळूहळू.

खरी अडचण शूटिंगची. सात नंबरचा बॉल जवळजवळ 600 ग्रॅमचा. दहा वर्षांच्या पोरीला तो डोक्यावरून रिंगपर्यंत पोचवायचा म्हणजे ती आधी कमरेशी नेते आणि अख्खं अंग मागे टाकून दोन्ही हातांनी भिरकावते. मधूनच एखादा पडतो, सगळे टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांचीच धास्ती वाटते. हीच ढब बसली तर 14 वर्षांखालील शालेय स्पर्धेत उतरेपर्यंत ती मोडणं फार कठीण जाईल. एका मुलीकडे नीट लक्ष देऊन पाहिलं: उजवं कोपर बाहेर, आणि सोडताना डाव्या हाताचा अंगठा बॉलला ढकलतो, म्हणून बॉल आडवा फिरत जातो. तिच्याच हातात पाच नंबरचा, म्हणजे लहान मुलांच्या मापाचा हलका बॉल दिला की कोपर आपोआप आत येतं!

दुसरं ले-अप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळ उडी मारत बॉल टाकणं. ‘उजवा, डावा, उडी’ तोंडपाठ आहे, पण रिंगखाली आलं की तीन-चार पावलं पडतात, नाहीतर उजव्या हाताने टाकणारा मुलगा उजव्याच पायावर उडतो. त्यात मोबाइलवर एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) क्लिपा बघून ‘ते शून्य पाऊल होतं’ असा वाद घालतात. 2017 पासून फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमातही, धावताना बॉल हातात येतो तेव्हा जमिनीवर असलेलं पाऊल धरत नाहीत, हे मला माहीत आहे. पण या वयात ते शिकवावं का?

आणि एका रिंगवर एवढी मुलं म्हटल्यावर निम्मा वेळ रांगेत जातो. पालकांना तर रोज पाच-पाचची मॅच हवी असते. तुम्ही लोक कसं बसवता हे सगळं?

—

प्रतिसाद :

ताई, निदान अचूक आहे. मिनी बास्केटबॉलला, म्हणजे लहान मुलांच्या बास्केटबॉलला, रिंग 2.60 मीटरवर आणि बॉल पाच नंबरचा असतो तो याचसाठी. पैसे जमतील तसे आधी पाच नंबरचे बॉल घ्या. रिंगसाठी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला गाठा: आतला व्यास 45 सेंटिमीटर, 16 ते 20 मिलिमीटर जाडीची सळई, भिंतीला साडेआठ फुटांवर. मात्र भिंतीवरच्या रिंगवर फक्त उभ्याने शूटिंग. धावत ले-अप अजिबात नको, पोरं भिंतीवर आदळतील.

शूटिंग रिंगच्या अगदी पुढ्यातून, एका हाताने सुरू करा. डावा हात पाठीमागे. बॉल बोटांवर, कोपर रिंगच्या रोखाने, ताकद गुडघ्यातून, आणि सोडल्यावर मनगट खाली झुकलेलं. हे जमलं की डावा हात नुसता बाजूला टेकवायचा. ढब बिघडली की पाऊलभर पुढे आणा. फ्री थ्रो लाइनची घाई नको.

ले-अप शेवटाकडून शिकवा. बॉल हातात घेऊन डाव्या पायावर उभं राहायचं, उजवा गुडघा वर, बॉल बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात. मग एक पाऊल मागून, मग दोन. सिमेंटवर खडूने पावलं काढा. ड्रिबल सगळ्यात शेवटी जोडा. शून्य पाऊल तूर्त बाजूला ठेवा, त्याआधी दोन्ही पायांवर एकदम थांबणं आणि पिव्हट (एक पाय रोवून दुसऱ्याने वळणं) पक्कं होऊ दे.

रांग मोडायला अर्ध्या कोर्टवर तीन-तीनचा खेळ लावा, तोही ड्रिबलशिवाय. फक्त पास आणि पिव्हट. प्रत्येकाच्या हाती बॉल येतो, मोकळी जागा शोधायची सवय लागते, आणि पालकांनाही मॅच दिसते. बाकीची मुलं दुसऱ्या अर्ध्यात ड्रिबलिंग करतील.

—

मूळ धागाकर्ती :

सर, मनापासून आभार. खडूची पावलं उद्याच काढते. मुख्याध्यापकांशी बोलले, भिंतीला भोकं पाडायला ते तयार नाहीत. सायकल शेडचा लोखंडी खांब आहे, साधारण चार इंची. त्याला क्लॅम्पने रिंग लावली तर ती हलेल का? आणि प्लायवूडचा बोर्ड पावसात टिकत नाही, त्याऐवजी काय वापरता? कोणी असं बसवलं असेल तर फोटो टाका प्लीज.