रप्चर डिस्कचा साइझ फक्त फायर केसवर काढला तर चालेल का?

लोटेकर:
मंडळी, लोटे परशुराम एमआयडीसीत प्रोसेसला आहे. नवीन प्रॉडक्ट येतंय, 5 केएलचा (5 हजार लिटर) ग्लास लाइन्ड रिॲक्टर, डिझाइन प्रेशर 6 बार, टोल्यूइन या सॉल्व्हंटमध्ये एक्झोथर्मिक म्हणजे उष्णता सोडणारी रिॲक्शन आहे आणि चार तास डोसिंग, म्हणजे माल हळूहळू सोडणं. कन्सल्टंटने रिॲक्टरला बाहेरून आग लागली असं धरून (म्हणजे फायर केस), फक्त व्हेपर बाहेर जाईल या हिशोबाने रप्चर डिस्कचा, म्हणजे प्रेशर वाढलं की फुटून वाट मोकळी करणाऱ्या चकतीचा, साइझ दिलाय आणि तो आहे त्या 80 एनबी (साधारण 80 मिमी) नोझलमध्ये बसतो. वरचे म्हणतात ऑर्डर टाका, पण मला ते पटत नाहीये. काय करू?

रोह्याचा प्रोसेसवाला:
ऑर्डर थांबव भाऊ. फायर केसमध्ये उष्णता बाहेरून येते, हळूहळू येते. रनअवेमध्ये, म्हणजे रिॲक्शन हाताबाहेर गेली की, ती आतच तयार होते, आणि तापमान वाढलं की रिॲक्शन अजून जोरात, म्हणजे वाढतच जाते. त्यात रिॲक्टर पाऊण भरलेला असला तर डिस्क फुटल्यावर नुसती वाफ नाही निघत, दूध उतू जातं तसा सगळा माल फुगून वर येतो आणि लिक्विड-व्हेपर मिळून व्हेंटमध्ये शिरतो. याला टू-फेज फ्लो म्हणतात, आणि त्याला एरिया नुसत्या वाफेच्या कितीतरी पट लागू शकतो. यासाठीच अमेरिकेत 1976 साली डायर्स नावाचा कंपन्यांचा गट बनला, तिथून पुढे याच्या पद्धती आल्या. तुमच्या रिॲक्शनची ॲडियाबॅटिक कॅलरीमेट्री, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देता घेतलेली टेस्ट, झालीय का? ती नसेल तर साइझ काढणार कशावर?

लोटेकर:
नाही झालेली सर. फक्त आर अँड डीचा आरसी-वनचा (रिॲक्शनची उष्णता मोजायचं लॅबचं मशीन) डेटा आहे.

रोह्याचा प्रोसेसवाला:
त्यातून नॉर्मल बॅचची उष्णता कळते, कंट्रोल सुटल्यावर काय होतं ते नाही कळत. व्हीएसपी किंवा एआरसी या ॲडियाबॅटिक टेस्टच्या मशीनवर टेस्ट करून घ्या. त्यात मुख्य बघायचं ते हे, की प्रेशर सॉल्व्हंटच्या वाफेने वाढतंय की डिकॉम्पोझिशनच्या, म्हणजे माल विघटित होऊन सुटणाऱ्या, गॅसने. वाफ असेल तर उकळण्यातच उष्णता निघून जाते, मग डिस्क कमी प्रेशरला लावली की रिॲक्शनचा वेग कमी असतानाच व्हेंट सुरू होतो आणि एरिया कमी पुरतो. गॅस असेल तर व्हेंट केल्याने थंड होत नाही, तिथे सेट प्रेशर उतरवून फारसा फायदा नाही, गॅस निघण्याच्या सगळ्यात मोठ्या वेगावरच साइझ काढावा लागतो आणि कधीकधी तो इतका येतो की रिलीफवर भरवसा ठेवताच येत नाही. फ्लोरिडातल्या टी-टू लॅबोरेटरीजमध्ये 2007 ला कूलिंग गेलं, रिॲक्टर फुटला, 4 माणसं गेली. तिथे डिस्क 400 पीएसआयला होती. 75 ला असती तर पहिल्याच रिॲक्शनला व्हेंट होऊन पुढचं टळण्याची शक्यता होती, असं तपासात आलं.

चिपळूणची मेंटेनन्सवाली:
माझं म्हणणं सिनॅरिओबद्दल आहे. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते हे गृहीतच धरायला हवं ना! लाइट गेली, ॲजिटेटर (आतलं ढवळणारं यंत्र) थांबला, पण डोसिंग वरच्या टाकीतून ग्रॅव्हिटीने चालूच राहिलं तर माल न मिसळता थर करून साठतो, मग डीजी (डिझेल जनरेटर) येतो, ऑपरेटर बिचारा सवयीने ॲजिटेटर सुरू करतो आणि साठलेलं सगळं एकदम रिॲक्ट होतं. म्हणून ॲजिटेटर ट्रिप झाला की डोसिंगचा वॉल्व्ह आपोआप बंद व्हायलाच पाहिजे, आणि लाइट आल्यावर आधी आत किती माल गेलाय ते बघितल्याशिवाय ॲजिटेटरला हात नाही. हे डिस्कच्या साइझइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि व्हेंटची लाइन जाते कुठे? इटलीत सेवेसोला 1976 मध्ये डिस्क फुटली आणि माल सरळ हवेत गेला, डायॉक्सिन नावाचं विष आजूबाजूच्या गावांवर पडलं. आपल्याकडे कंपाउंडपलीकडे वाडी आणि आंब्याच्या बागा असतात, वारा त्या दिवशी कुठे वाहील कोण सांगणार. बाहेर पडलेला माल धरणारा कॅच टँक किंवा तो थंड करणारा क्वेंच टँक पाहिजेच, आणि तो पण टू-फेजवरच साइझ करा.

लोटेकर:
ताई, लाइन सध्या शेडच्या छपरावर सोडलीय. टेस्टिंगचं आजच मेलवर टाकतो. डिस्कवर सेफ्टी वॉल्व्ह पण लावायचा विचार आहे, त्यात काही लक्षात ठेवायचं?

रोह्याचा प्रोसेसवाला:
डिस्क आणि वॉल्व्हच्या मधल्या जागेत प्रेशर गेज पाहिजेच. डिस्कला बारीक भोक पडलं तर मध्ये प्रेशर साठतं, मग डिस्क ठरलेल्या प्रेशरला फुटत नाही. इनलेट लाइनचा प्रेशर ड्रॉप सेट प्रेशरच्या 3 टक्क्यांच्या आत ठेव. पण एक सांगतो, टू-फेजला एरिया मोठा आला तर वॉल्व्हचा नाद सोड, मोठी डिस्क आणि सरळ लाइन बरी.

चिपळूणची मेंटेनन्सवाली:
आणि लाइनच्या खालच्या बेंडला ड्रेन होल ठेवा. आपल्या खाऱ्या हवेत ते गंजाने बुजतं, पावसाचं पाणी डिस्कवर साठतं. वर कुंभारमाशी मातीचं घर करते ते वेगळंच. मे महिन्यात पाऊस यायच्या आधी एकदा टॉर्च घेऊन वर चढायचं, दरवर्षी.