मदत हवी आहे: घर सोलापूरचं आणि मुलाला शेंगांची अ‍ॅलर्जी

कडक_भाकरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहायची वेळ आज आली.

आम्ही मूळचे सोलापूरचे, अकरा वर्षं झाली पुण्यात. घरात मी, बायको, आई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तिळाचीही आहे. आमच्याकडे शेंगदाण्याला शेंगाच म्हणतात आणि त्या घरात मिठासारख्या असतात, कोणी मुद्दाम घालत नाही, त्या पडतातच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे आमचं जेवण, भाजी असली तर असली. संक्रांतीला शेंगापोळी. वांग्यात कूट, काकडीत कूट, अळूत दाणे, पोह्यात दाणे, आणि एकादशीला तर सगळा कारभार त्यांच्याच जिवावर.

'आधी डॉक्टरांना दाखवा' असे प्रतिसाद येऊ नयेत म्हणून सांगून टाकतो. अकरा महिन्यांचा असताना आईनं कौतुकानं चटणीचं बोट चाटवलं. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी. तेव्हा 'उष्णता' म्हणून सोडून दिलं, ही आमची चूक. दोन वर्षांचा असताना एका नातेवाइकांकडे कोथिंबीर वडी. बायकोनं दोनदा विचारलं, "यात दाणे नाहीत ना?" त्या म्हणाल्या, "नाही गं, दाणे कशाला घालू?" पोराला उलटी झाली, मग छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. रिक्षात बसताना त्या मागून धावत आल्या, "अगं, दाणे नाही घातले, जरासं कूट लावलंय फक्त!" हॉस्पिटलात अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन द्यावं लागलं. तेव्हापासून मी 'दाणे आहेत का' असं विचारत नाही. दाणे, कूट, तेल, चटणी, मागच्या पदार्थाचं मिक्सरचं भांडं असं पाचही विचारतो. लोक वैतागतात.

तपासण्या झाल्यात. स्किन प्रिक आणि रक्ताची, दोन्हींत शेंगदाणा भरपूर, तीळ त्याच्याखाली. अ‍ॅड्रेनलिनचे अ‍ॅम्प्यूल आणि सिरिंज कायम पिशवीत असतात. डॉक्टरांनी आम्हा दोघांना संत्र्यावर टोचून शिकवलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून टोचलं तरी चालतं, त्याच्या वजनाला ०.१५ मिली. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं तसं इथे सहज मिळत नाही, म्हणून ही सर्कस.

आता खरा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी मी फर्मान काढलं: घरात शेंगा बंद. सगळ्यांना. आईनं काही न बोलता डबा शेजारी देऊन टाकला. ती उपासाला आता नुसती राजगिऱ्याची लाही आणि दूध घेते, आणि मला ते बघवत नाही. पण तेही चाललं असतं.

मागच्या आठवड्यात मुलीच्या कंपासपेटीत चिक्कीचा कागद सापडला. नीट चार घड्या घालून, पट्टीच्या खाली. विचारलं तर आधी गप्प. मग म्हणाली, "शाळेतच खाल्ली बाबा. दोन वेळा सॅनिटायझर लावला. आणि घरी आल्यावर त्याच्याजवळ गेलेच नाही रात्रीपर्यंत." त्या दिवशी ती भावाबरोबर खेळली नव्हती, आम्हाला वाटलं भांडण झालंय.

रागवायला तोंड उघडलं होतं, बंद केलं.

तर विचारायचं हे: ज्यांच्या घरी असं आहे, त्यांनी अख्खं घर बिनशेंगांचं ठेवलं की वेगळा कप्पा, वेगळी भांडी असं काही जमवलं? मोठ्या भावंडाचं काय केलं? आणि कुटाला पर्याय काय? खोबरं घालून घालून सगळ्या भाज्या कोकणी झाल्यात. (कोकणी मंडळींनी राग मानू नये.)

दोन_डबे

दादा, वडीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे ठाण्यात 'खमंग करायला फक्त चार दाणे' असं ऐकलंय.

माझा मुलगा अकराचा आहे, त्याला शेंगदाणा आणि काजू. आम्ही तो सात वर्षांचा होईपर्यंत घर पूर्ण मोकळं ठेवलं. कारण सोपं आहे, चार वर्षांचं मूल खाली पडलेलं उचलून तोंडात घालतं. आता तो स्वतः वाचतो, विचारतो, म्हणून नवऱ्यासाठी एक बंद डबा वरच्या फळीवर आहे. तुमच्या वयाला मी तरी सूट देणार नाही. वेगळी भांडी ठेवली तरी कुटाची भुकटी ओट्यावर, फडक्यावर, मिक्सरच्या झाकणातल्या रबरात बसते.

आणि लेकीला प्रेमानं सांगा, सॅनिटायझरनं शेंगदाण्याचं प्रोटीन जात नाही. ते जंतू मारतं, चिकटलेलं तसंच राहतं. साबण-पाणी किंवा ओलं पुसणं. तोंडाचंही तसंच, नुसती चूळ भरून भागत नाही. काही तास जाऊ द्यायचे आणि मधे दाणे नसलेलं जेवण व्हायला हवं. म्हणजे त्या पोरीनं रात्रीपर्यंत लांब राहून नकळत बरोबरच केलं.

पर्याय: भाजलेलं डाळं (पंढरपुरी) जाडसर कुटून. काकडीच्या कोशिंबिरीत ओळखू येत नाही, भरल्या वांग्यात थोडं येतं. भोपळ्याच्या बिया भाजून केलेलं कूट जास्त जवळ जातं, पण महाग. कारळं, जवस चटणीला मस्त. तिळाची अ‍ॅलर्जी आहे म्हणून कोणतीही नवी बी डॉक्टरांना विचारूनच. उपासाला वरईचा भात आणि दाण्याच्या आमटीऐवजी ओल्या नारळाची आमटी करून बघा. आजींना आवडेल.

तेलाचं तपासलंत का? रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रोटीन जवळजवळ उरत नाही, पण सध्या सगळ्यांना लाकडी घाण्याचं हवं असतं, त्यात उरतं. आम्हाला ते फरसाणाच्या दुकानात कळलं, फार बऱ्या पद्धतीनं नाही.

खवय्या_६२

रागावू नका, पण आमच्या पिढीत हे ऐकलंच नव्हतं. आणि आता तर परदेशातच संशोधन झालंय की लहानपणी शेंगदाणे दिले की अ‍ॅलर्जी होत नाही. रोज कणभर देऊन सवय का लावत नाही?

रात्रपाळी

काका, तुम्ही म्हणताय तो अभ्यास खरा आहे, पण अर्धाच सांगितलात. लंडनचा, २०१५ साली आला. चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं होती, तीव्र एक्झिमा (त्वचेवर खाजरे चट्टे) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना लवकर शेंगदाणा दिला, आणि पाचव्या वर्षापर्यंत त्यांच्यात अ‍ॅलर्जीचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा खूप कमी निघालं. पण स्किन टेस्टमध्ये ज्यांना आधीच जोरदार प्रतिक्रिया होती, ती बाळं मुळात घेतलीच नव्हती. ते अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून आहे. झालेल्या मुलाला घरी कणभर देणं म्हणजे पुन्हा ती रिक्षा. हळूहळू डोस वाढवत नेण्याचे उपचार असतात, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, डोस मोजून. चमच्याच्या टोकानं नाही.

मी नर्स आहे, म्हणून धागाकर्त्यांना एकच. शिट्टी, घसा बसणं, वारंवार उलट्या, एकदम सुस्त होणं दिसलं की आधी अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅलर्जीचं सिरप देऊन वाट बघायची नाही. मूल आडवं ठेवा, दम लागत असेल तर टेकवून बसवा, पण उभं करून चालवू नका. आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटलात जा, काही तासांनी पुन्हा उलटू शकतं. आजींनाही टोचायला शिकवा. दुपारी घरी त्याच असणार ना?

जर्सीकर

इथे अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ पाकिटावर लिहिणं सक्तीचं आहे. भारतात सक्तीच्या यादीत शेंगदाणा आहे, दूध, अंडं, सोया, गहू आहे, तीळ नाही. म्हणजे पाकिटावर 'अ‍ॅलर्जन' खाली तीळ दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, घटकांची पूर्ण ओळ वाचा. मंडळाच्या हळदीकुंकवाला आम्ही आता तिळगुळाऐवजी साखरेचा हलवा देतो, पण त्यातही कधी कधी आत तीळ असतो! खसखशीचा किंवा साबुदाण्याचा विचारून घ्या.

कडक_भाकरी

सगळ्यांचे आभार. हलव्याचं माहीतच नव्हतं. यंदा पोराचे संक्रांतीचे फोटो हलव्याच्या दागिन्यांत काढलेत आणि त्यानं एक बाजूबंद चाखलाही होता. नशीब.

खवय्याकाका, रागावलो नाही. आईनंही हेच विचारलं होतं.

काय ठरवलं ते लिहितो. घर बिनशेंगांचंच राहणार. पण शनिवारी संध्याकाळी आई आणि मुलगी खाली सोसायटीच्या बागेत जातात, गाडीवरच्या उकडलेल्या शेंगा घेऊन. टरफलं तिथल्याच डब्यात. वर आल्या की साबणानं हात, दात घासणं, दोघींचे कपडे थेट मशीनमध्ये, मग जेवण. भावाशी खेळ रविवारी सकाळी. परवा पहिला शनिवार झाला. मी गॅलरीतून बघत होतो, दोघी बाकावर पाय हलवत बसल्या होत्या आणि मुलगी शेंग फोडून दाणे आजीला देत होती. आईला आता दाढ नाही, पण उकडलेल्या चालतात.

मुलीला सांगितलं की शाळेत खायचं असेल तर खा, फक्त मला सांग. तिनं विचारलं, "आणि सांगायचं विसरले तर?" म्हटलं, तरी साबण विसरू नकोस.

रात्रपाळी, आईला संत्रं दिलंय. पहिल्या वेळी सिरिंज उलटी धरली, तिसऱ्या वेळी माझ्यापेक्षा सफाईनं टोचलं. लुगडं शिवणाऱ्या हाताला सुई नवीन नाही म्हणाली.

डाळ्याच्या कुटाची वांगी केली. आई म्हणाली, "वांगी चांगली झालीत." चटणीबद्दल काही बोलली नाही.

आता एक शेवटचं. गावाकडे तिचं चटणीचं उखळ आहे, लोखंडी, तिच्या सासूचं. मिक्सरची चटणी ती चटणी मानत नाही. जवसाची तरी उखळात कुटू दे म्हणतेय. पन्नास वर्षं त्यात शेंगा कुटल्यात, तेल मुरलंय. दगडी असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं. लोखंडी उखळ विस्तवात लाल करून, मग साबणानं दोन-तीनदा घासून वापरात आणलेलं आहे का कोणी? की ते गावीच राहू द्यावं?