अमेरिकेचं बंड: फक्त चहा आणि करच?

प्रश्न: लेकीला अकरावीचा इतिहास शिकवतेय. १६२० ला मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडची माणसं धर्मासाठी अमेरिकेत गेली, मग १७७३ ला ब्रिटिश कराच्या रागात बोस्टनला चहा समुद्रात. मधली दीडशे वर्षं कोणी समजावेल का?

उत्तर: ताई, मी बोस्टनमध्ये अकरा वर्षं आहे. इथलं ओल्ड साउथ सभागृह मुलीला नक्की सांगा. १६८४ ला लंडनने मॅसॅच्युसेट्सची (बोस्टन ज्यात आहे ती वसाहत) सनद, म्हणजे स्वतःचा कारभार करायचा राजपरवाना, रद्द केली आणि १६८६ ला गव्हर्नर म्हणून अँड्रोसला पाठवलं. ज्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चच्या, उपासनेला कंटाळून आजोबा-पणजोबा समुद्र ओलांडून आले, तीच त्याने १६८७ च्या ईस्टरला प्युरिटनांच्या (त्या चर्चला शुद्ध करू पाहणारे कडवे प्रोटेस्टंट) या सभागृहात करायला लावली. सभागृहाचे मालक बाहेर रस्त्यावर ताटकळत! शिवाय जमिनींच्या मालकीवर शंका, गावसभांवर बंधनं. एप्रिल १६८९ ला लोकांनी त्याला सरळ कैदेत टाकलं. आजची विटांची वास्तू १७२९ ची. चहा बुडवण्याआधीची सभाही इथेच भरली. तिथे उभी राहिले की मला दोन्ही प्रसंग एकच वाटतात.

उत्तर: हे खरं, पण मेरी डायरलाही विसरू नका. क्वेकर (पाद्र्याशिवाय उपासना करणारा ख्रिस्ती पंथ) म्हणून याच प्युरिटनांनी तिला १६६० ला फाशी दिलं. ते फाशीसत्र थांबवायचा हुकूम १६६१ ला दूरच्या राजानेच धाडला.

प्रश्नकर्ती: हे पुस्तकात का नाही? आणि १७७४ चा क्वेबेक (कॅनडातला तेव्हाचा ब्रिटिश प्रांत) कायदा?

उत्तर: कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्य आणि ओहायोपर्यंतचा मुलूख क्वेबेकला. न्यू इंग्लंडला (मॅसॅच्युसेट्स आणि शेजारच्या वसाहती) वाटलं, आता पोपही आपल्या दारात.