धडधड थांबली, आता हे प्रेम की सवय?

माधवगंजची
आम्ही दोघंही ग्वाल्हेरचे, मी लष्करमधली, तो मुरारचा. कॉलेजपासूनची ओळख, आता दोन्ही घरांतून होकार आहे आणि मुहूर्त बघणं चाललंय. पूर्वी बाड्याच्या चौकात त्याची स्कूटर दिसली तरी छातीत धडधडायचं. फोन आला नाही तर घास उतरायचा नाही. आता तो येतो, आईशी गप्पा मारतो, आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालतो, मी चहा ठेवते. बरं वाटतं, पण तेवढंच. मैत्रीण म्हणते, स्पार्क गेला, वेळीच विचार कर. मला त्याला फसवायचं नाही. हे प्रेम आहे की नुसती सवय? कृपा करून ‘लग्नानंतर सगळं ठीक होतं’ असं सांगू नका, ते घरी रोज ऐकते.

मास्तर_मुरार
ताई, मी मानसशास्त्र शिकवतो. त्या धडधडीला मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९मध्ये ‘लिमरन्स’ असं वेगळं नाव दिलं. १९९९मध्ये इटलीत डोनाटेला मराझिती आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाहून नेणारं प्रथिन त्यांच्यात मंत्रचळाच्या (ओसीडीच्या) रुग्णांइतकंच कमी भरलं. त्यांतल्या काहींना वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासलं, तेव्हा ते पूर्ववत झालेलं होतं. तुमचं जेवण सुरळीत झालं, यात काळजीचं काही नाही.

दौलतगंजच्या काकू
मास्तर, धडधड का थांबली ते कळलं. उरलंय ते काय, हे पोरीला हवंय.

बाळ, गूजरी महाल पाहिलाच असशील. राजा मानसिंह तोमरांनी तो आपल्या राणीसाठी, मृगनयनीसाठी बांधला. तिने म्हणे अट घातली, मला माझ्या राई गावचंच पाणी हवं, आणि त्यांनी ते किल्ल्यापर्यंत आणवलं. दंतकथा असेल. पण पाचशे वर्षं लोक सांगताहेत ते त्या पाण्याचंच: तिला काय लागतं ते त्याने ऐकलं आणि त्यासाठी खटपट केली.

मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. लग्नाची पंगत असो, बस असो, तानसेन समारोह असो, आमचे हे कायम माझ्या उजव्या बाजूला बसायचे. कधी बोलून दाखवलं नाही. माझ्याही लक्षात आलं नव्हतं, नणंदेने दाखवून दिलं. त्या रात्री मी खूप रडले, आनंदाने. इतकी वर्षं संसार झाल्यावर!

तेव्हा स्वतःला एवढंच विचार. दिवसभरात काही घडलं की आधी कुणाला सांगावंसं वाटतं? तो गप्प असला तर तुला कळतं का, आणि कळल्यावर चैन पडतं का? उत्तर तोच असेल तर खुशाल लग्न कर. मनात दुसरंच कुणी आलं, किंवा कुणीच आलं नाही, तर मुहूर्त पुढे ढकल. हॉल ठरलाय म्हणून लग्न करू नकोस.

मास्तर_मुरार
काकू, पटलं. एक भर घालतो. बियांका असेव्हेडो, आर्थर अरॉन वगैरे संशोधकांनी लग्नाला सरासरी २१ वर्षं झालेल्या आणि अजूनही जोडीदारावर उत्कट प्रेम असल्याचं सांगणाऱ्या १७ जणांचे मेंदू स्कॅन केले. जोडीदाराचा फोटो पाहताना मेंदूतला ओढीचा भाग नव्या प्रेमिकांसारखाच जागा झाला. अभ्यासकांच्या मते त्यात सुरुवातीची धास्ती मात्र नव्हती. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण होऊ शकतं.

माधवगंजची
काकू, तुमचं वाचून बराच वेळ बसून राहिले. गेल्या आठवड्यात ऑफिसात बढतीची यादी लागली, माझं नाव नव्हतं. घरी अजून सांगितलेलं नाही. जिन्यातूनच त्याला फोन लावला होता. तो काही समजवायला गेला नाही, ‘येतो’ म्हणाला आणि आला.
एक विचारायचंय. त्याचीही धडधड थांबलीय का, हे त्याला विचारू? वाईट वाटेल का त्याला?

दौलतगंजच्या काकू
विचार. फोनवर नको, समोर बसून विचार. आणि आधी तुझं सांग.