इंग्लंडमध्ये केलेलं मृत्युपत्र आणि कोथरूडचा फ्लॅट: सल्ला हवा आहे

पळसपान
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी सख्खी आत्या लेस्टरला नर्स होती. उभी हयात तिथंच गेली. आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. १९९४ साली स्वतःच्या पगारातून तिनं कोथरूडला छोटा फ्लॅट घेतला, दर हिवाळ्यात येऊन राहायची. गेल्या वर्षी ती गेली. २०१६ साली तिथल्या सॉलिसिटरकडे मृत्युपत्र केलं होतं. त्यात कोथरूडचा फ्लॅट मला आणि बाकी सगळं एका धर्मादाय संस्थेला. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी, तिची तिथली मैत्रीण; तिला मी मावशी म्हणते. मावशींनी तिकडचं प्रोबेट (मृत्युपत्र खरं ठरवणारा कोर्टाचा आदेश) काढून शिक्क्याची प्रत मला पाठवली.

ती घेऊन सोसायटीत गेले. सेक्रेटरींनी पानं उलटली, उठावाच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हे त्यांच्या कोर्टाचं झालं. आपल्या कोर्टाचं कुठंय?" एक एजंट म्हणतो नोटरी मारून आणतो, चिंता नको. मला मात्र चिंता वाटते.

हे प्रोबेट पुण्यात चालतं का? वकील कसा शोधावा? सोसायटीत नॉमिनी मीच आहे, त्याचा काही उपयोग?

तिखटमीठ
नॉमिनी आहात ना, मग झालं की! अर्ज द्या आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून घ्या. कोर्टाच्या पायऱ्या कशाला?

काळाकोट
तिखटमीठ, याच समजुतीवर आम्हा वकिलांची घरं चालतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच आहे: वारसाचा कागद येईपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद. मेंटेनन्सची पावती त्याच्या नावानं निघेल, पण फ्लॅट विकायला गेला की घेणाऱ्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल.

पळसपान, आता तुमचं. स्थावर मिळकत जिथं असते तिथला कायदा तिला लागतो. आत्या ब्रिटिश नागरिक असल्या तरी कोथरूडचा फ्लॅट लेस्टरच्या आदेशानं आपोआप तुमचा होत नाही. पण मृत्युपत्र परदेशात केलं म्हणून ते इथं रद्दीही ठरत नाही. आपल्याकडे दोन साक्षीदार लागतात, इंग्लंडमध्येही दोन लागतात, वर तिथं दोघं एकाच वेळी हजर असावे लागतात. म्हणजे त्यांची अट आपल्याहून कडक.

रस्ता आहे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम २२८. परदेशातल्या सक्षम कोर्टानं मृत्युपत्र सिद्ध धरून जमा करून घेतलं असेल, तर त्याची रीतसर प्रमाणित प्रत जोडून इथं लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मिळकतीची व्यवस्था लावायचा कोर्टाचा अधिकारपत्र, मागता येतात. वाद नसेल तर साक्षीदारांना लेस्टरहून आणून पिंजऱ्यात उभं करायची वेळ येत नाही. अर्ज शिवाजीनगर कोर्टात. कोर्ट फी मिळकतीच्या किमतीवर, पण महाराष्ट्रात कमाल ७५,००० रुपये.

कोणी तरी म्हणेल, पुण्यात प्रोबेट सक्तीचं नाही. खरंय, कधीच नव्हतं. सक्ती मुंबईची होती, तीही डिसेंबर २०२५ मध्ये कलम २१३ वगळल्यावर गेली. तरी तुमच्या बाबतीत कोर्टाचा कागद घ्याच. कारण पुढे सांगतो, आधी एक विचारतो: आत्याचे वारस कोण कोण, असं तुम्हाला वाटतं?

पळसपान
मी आणि माझा धाकटा भाऊ. भावाची काही हरकत नाही.

काळाकोट
वाटलंच. हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम १५. निपुत्रिक विधवेची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. माहेर त्यांच्यानंतर. मृत्युपत्र उडालं तर फ्लॅट तुमच्या आतोबांच्या पुतण्यांचा! म्हणून अर्जात त्यांची नावं घालावी लागतील, त्यांना नोटीस जाईल. त्यांनी संमतीची प्रतिज्ञापत्रं दिली तर काम सरळ होतं. त्यांच्यापैकी एकानं जरी हरकत घेतली तरी अर्जाचा दावा होतो आणि मग तारखा.

वकील निवडताना एकच विचारा: "कलम २२८ खाली आधी अर्ज केलाय का?" उत्तरात 'करू की' आलं तर चहा पिऊन उठा.

थेम्सकाठी
इंग्लंडहून थोडी भर. बाबांच्या वेळी मी यातून गेलोय. मूळ मृत्युपत्र इथल्या प्रोबेट रजिस्ट्रीत कायमचं राहतं, हाती येते ती शिक्क्याची प्रत. ती परराष्ट्र खात्याच्या लीगलायझेशन ऑफिसातून अपॉस्टिल (परदेशात चालावा म्हणून कागदाला जोडलेला खरेपणाचा दाखला) करून घ्यायला मावशींना सांगा. भारत आणि ब्रिटन दोघंही हेग कराराचे सभासद, त्यामुळे अपॉस्टिल भारतात चालतं. एजंटच्या नोटरीला काही अर्थ नाही, त्या नोटरीनं ब्रिटिश कोर्टाचा शिक्का थोडाच ओळखलाय.

आणि कृपया स्टेपल काढू नका! आमच्या काकांनी झेरॉक्सवाल्याला पानं सपाट हवीत म्हणून पिना उपसल्या. अपॉस्टिलचा कागद एकीकडे, मृत्युपत्र दुसरीकडे. सगळं परत मागवावं लागलं, दीड महिना गेला.

मावशी अर्जासाठी भारतात येणार नसतील तर तुमच्या नावे मुखत्यारपत्र लागेल, तेही अपॉस्टिल करून. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो. पाकीट फोडून कपाटात ठेवू नका.

मावशींना हेही विचारा की इकडच्या वारसा कराच्या हिशेबात कोथरूडचा फ्लॅट दाखवलाय का. आत्या इतकी वर्षं इथं राहिल्या म्हणजे जगभरची मिळकत मोजली जाते. ३,२५,००० पौंडांच्या वर ४० टक्के. संस्थेला गेलेल्यावर कर नाही, पण तुमच्या वाट्याचा असू शकतो.

तिखटमीठ
भारतात तरी कर नाही ना? माझं एक उत्तर तरी बरोबर येऊ द्या.

काळाकोट
शाब्बास. १९८५ पासून नाही. विकताना भांडवली नफ्यावर लागेल, तेव्हा आत्याचा १९९४ चा करारनामा आणि पावत्या जपा.

आणखी एक, पळसपान. आत्यांनी पुण्यात २०१६ नंतर दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही ना? उलटंही होतं. इंग्लंडमधल्या मृत्युपत्राच्या पहिल्याच ओळीत 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द' असं छापील वाक्य असतं, आणि इथं नीट केलेलं मृत्युपत्र माणसाच्या नकळत मरतं. नंतरची तारीख कुठल्या कागदावर आहे ते शोधा.

पळसपान
कपाट उपसलं. दुसरं मृत्युपत्र नाही, करारनामा सापडला. मावशींनी प्रत अपॉस्टिलला टाकलीय.

आतोबांचे दोन पुतणे नागपूरला राहतात असं कळलं. पंधरा वर्षांनी फोन केला, छातीत धडधड. थोरले म्हणाले, "काकूनं तुला दिलंय ना, मग सही घेऊन जा." फक्त फ्लॅटमधली आतोबांची पेटी हवीय त्यांना, भातेवाली. मी लगेच हो म्हटलं. चुकलं का?

काळाकोट
मनानं नाही, कागदानं थोडं. मृत्युपत्रात तुम्हाला फक्त फ्लॅट आहे. आतली पेटी 'बाकी सगळं' मध्ये, म्हणजे लेस्टरच्या त्या संस्थेची! मावशींना एक ईमेल टाका, त्या हो म्हणाल्या की नागपूरला पोचवा. आणि संमतीवर सही आधी घ्या, पेटी नंतर.